मावळ कुठले, मावळे कोणाचे

लोकसभेच्या मावळ मतदारसंघात पनवेल येते, कर्जत येते, उरणही येते. निम्मा मतदारसंघ घाट उतरून कोकणात गेलेला आहे. भोर मात्र त्यात नाही, वेल्हेही नाही. हे दोन तालुके आणि मुळशी मिळून भोर विधानसभा मतदारसंघ होतो आणि लोकसभेला तो बारामतीकडे जातो. आखणी करणाऱ्यांनी काही वावगे केले असे नाही. वडगाव-लोणावळ्याच्या बाजूला मावळ नावाचा तालुका आहे, त्याचे नाव मतदारसंघाला मिळाले, इतकेच. पण चौथीच्या पुस्तकातून शिवाजी महाराज वाचलेल्या कोणालाही हे चमत्कारिक वाटेल. कान्होजी जेधे, बाजीप्रभू, येसाजी कंक ज्या खोऱ्यांतून निघाले ती खोरी मावळच्या हद्दीबाहेर, आणि न्हावा-शेव्याचे बंदर हद्दीच्या आत!

'मावळ' आणि 'मावळा' ही दोन नावे कुठून आली, कोणी कोणाला दिली आणि कोणत्या काळात त्यांचा काय अर्थ होता, हा या पुस्तकाचा विषय. लढायांची वर्णने इथे जवळजवळ नाहीत. ती इतरांनी लिहिली आहेत, आणि काहींनी गरजेपेक्षा जास्त रंगवून लिहिली आहेत. माझे लक्ष नावावर आहे, आणि ते शोधायला मी भोर व वेल्हे ही जागा मुद्दाम निवडली आहे. मावळे म्हणून जी माणसे आपण डोळ्यांपुढे आणतो त्यांतली बरीच इथली, आणि इथल्या माणसाला 'तुम्ही कुठले' असे विचारले तर तो 'मावळातला' असे चटकन म्हणत नाही. तो गावाचे नाव सांगतो, गाव माहीत नसेल तर खोऱ्याचे.

खोरे ही इथली खरी मोजणी. सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेकडे डोंगराच्या सोंडा उतरतात आणि दोन सोंडांमधून एक नदी वाहते. त्या नदीचे जेवढे पाणलोट तेवढे एक खोरे, तेवढीच एक देशमुखी, आणि बहुतेक सोयरिकीही तेवढ्यातच. तोरण्याखालून कानंदी जाते, ते कानंद खोरे, मरळ देशमुखांचे. गुंजवणीचे गुंजण मावळ शिळीमकरांचे. वेळवंडीचे वेळवंड खोरे. नीरेच्या उगमाकडचे हिरडस मावळ बांदलांचे. रोहिडा किल्ल्याभोवतीचे रोहिडखोरे, त्यात कारीचे जेधे आणि उत्रौळीचे खोपडे. या सगळ्या नद्यांचे पाणी शेवटी नीरेला मिळते आणि नीरेबरोबर देशावर जाते. पाऊस धारेजवळ बेसुमार, आणि तिथून वीस-पंचवीस मैल पूर्वेला गेले की माणसे ढगाकडे तोंड करून बसलेली. मावळात उन्हाळ्यात राब भाजायचे, रोहिण्या-मृगात भात टाकायचे, आषाढात इरले पाठीवर घेऊन चिखलात लावणी करायची. भात खाचरात, आणि वरच्या वरकस उतारावर नाचणी-वरई. जमीन थोडी, डोंगर जास्त. अशा मुलखात घरटी एखादा मुलगा शेतीला पुरतो. बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न सतराव्या शतकातही होता. किल्ल्यावरची चाकरी आणि पायदळातली भरती यांचे एक कारण त्यात आहे, आणि पुढे मुंबईची वाट धरण्याचेही.

आता नावाकडे. 'मावळ' म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, ही व्युत्पत्ती सर्वांना पाठ आहे. ती सोपी आहे, कानाला पटते आणि भूगोलाशी जुळते. खेड्यात अजूनही दिशा सांगताना 'उगवतीला' आणि 'मावळतीला' असेच म्हणतात. पण या व्युत्पत्तीचा एक परिणाम लक्षात घेतला जात नाही. वेल्ह्याच्या माणसाला सूर्य त्याच्या गावात मावळताना दिसत नाही. तो दिसतो कोकणावर. आपल्याच घराला कोणी 'पश्चिम' म्हणत नाही. मावळतीवरून नाव पडले असेल तर ते पुण्यात, सासवडात किंवा शिरवळात बसलेल्या माणसाने ठेवलेले असणार. शिरवळला आदिलशाहीचे ठाणे होते, रोहिडखोऱ्याच्या देशमुखांना हुकूम तिथून यायचे. म्हणजे ही व्युत्पत्ती मान्य केली तर 'मावळ' हे कचेरीच्या ओट्यावरून दिसलेल्या मुलखाचे नाव ठरते.

दुसरी वाट कार्ल्याच्या लेण्यात सापडते. तिथल्या चैत्यगृहातल्या एका ब्राह्मी लेखात सातवाहन राजाची आज्ञा आहे. ती 'मामाल' इथल्या अमात्याला उद्देशून आहे. वलूरक लेण्यातल्या भिक्षूंना करजक नावाचे गाव दिले आहे, आणि ते गाव 'मामालाहारा'त आहे. आहार म्हणजे त्या काळचा जिल्हा. नाशिकच्या लेखांत गोवर्धन आहार येतो, तसाच हा. लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेखाचे वाचन करणाऱ्या अभ्यासकांनी मामाल म्हणजेच मावळ असे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सुचवले, आणि मला ते पटते. कारण मराठीच्या कानाची सवयच तशी आहे. दोन स्वरांमधला म आपण व करतो आणि ल चा ळ करतो. आमलक, त्याचा झाला आवळा. कोमल, त्याचा कोवळा. श्यामल, त्याचा सावळा. मग मामालाचे मावळ होण्यात नवल ते काय? उलट ते झाले नसते तर कारण शोधावे लागले असते. म्हणजे हे नाव निदान अठराशे वर्षे जुने आहे, आणि मुळात त्याचा सूर्याशी संबंध असलाच पाहिजे असे नाही.

मग ते कार्ल्याजवळचे नाव नीरेच्या उगमापर्यंत कसे पोचले? माझा तर्क असा: मामाल हे एका मुलखाचे विशेषनाव होते. उच्चारात त्याचे मावळ झाले, आणि मराठीत तर 'मावळणे' हे क्रियापद रोजच्या वापरातले. दोन शब्द एकमेकांना भिडले. विशेषनावाला अर्थ चिकटला, आणि अर्थ चिकटला की नाव सामान्यनाम होऊ शकते. त्यानंतर पश्चिमेकडचे प्रत्येक खोरे मावळ म्हणवून घेऊ लागले: पवन मावळ, नाणे मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ. विशेषनावाच्या पुढे असे उपपद लागत नाही. 'गुंजण पुणे' असे कोणी म्हणत नाही. या हिशेबाने 'मावळतीवरून मावळ' ही व्युत्पत्ती मुळाचे कारण म्हणून कच्ची, पण नावाच्या प्रसाराचे कारण म्हणून पक्की. लोकांनी शब्दाचा जो अर्थ लावला त्यानेच शब्द पसरवला. बारा मावळांच्या ज्या याद्या कागदोपत्री आणि ग्रंथांतून मिळतात त्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचेही हेच कारण असावे. सामान्यनाम झाल्यावर कोणाला मोजायचे आणि कोणाला नाही हे यादी करणाऱ्याच्या हातात गेले. बारा हा आकडा तेवढा कायम राहिला. बारा बलुतेदार, बारा ज्योतिर्लिंगे, त्यात बारा मावळ.

असा प्रकार जगात आणखी कुठे घडला आहे का, हे पाहताना मला स्कॉटलंडच्या पिक्ट लोकांची गोष्ट फार उपयोगी पडली. वाचकाला ती दूरची वाटेल, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

ब्रिटन बेटाच्या उत्तरेकडे, रोमन सत्तेच्या सीमेपलीकडे, अनेक टोळ्या राहत होत्या. २९७ साली एका रोमन भाटाने सम्राटाच्या कुटुंबातल्या विजेत्याची स्तुती करताना त्यांना 'पिक्टी' म्हटले. हा त्या नावाचा पहिला लिखित उल्लेख. लॅटिनमध्ये पिक्टी म्हणजे रंगवलेले. त्यावरून अंगाला रंग फासणारे, गोंदवून घेणारे लोक, हा अर्थ ठरला आणि पुढे लेखकामागून लेखक तो सांगत राहिला. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोरने तर सुई आणि वनस्पतीचा रस घेऊन ते कसे गोंदतात याचेही वर्णन केले. गंमत अशी की अंगाला निळा रंग लावणाऱ्या ब्रिटनांचा उल्लेख त्या रोमन भाटाच्याही आधी साडेतीनशे वर्षे ज्यूलियस सीझरने केला होता, आणि तो बेटाच्या दक्षिण टोकाच्या पुढे फारसा गेलाच नव्हता. दक्षिणेतली ऐकीव चाल उत्तरेकडच्यांना चिकटली असण्याचा संभव आहे.

हे लोक स्वतःला काय म्हणत? त्यांची स्वतःची बखर नाही. राजांच्या याद्या आहेत, आणि चिन्हे कोरलेले शेकडो दगड आहेत, त्यांवर चंद्रकोर आहे, मासा आहे, आरसा आणि फणी आहे. शेजारचे आयरिश लोक त्यांना 'क्रुइथ्नी' म्हणत. हा शब्द आणि 'ब्रिटन' हे नाव एकाच मुळातून आलेले मानले जातात. इंग्लंडमधले अँग्लो-सॅक्सन त्यांना 'पेओख्तास' म्हणत, आणि समुद्रावरून येणारे नॉर्स लोक 'पेत्तार'. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाशी पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे, तिच्या नावात हेच पेत्तार लपले आहेत. या सर्व रूपांवरून काही अभ्यासकांना वाटते की रोमनांनी नाव बनवलेच नाही. तिथे आधीच एक देशी नाव होते, रोमन कानाला ते आपल्या 'पिक्टी'सारखे ऐकू आले, आणि अर्थ आपोआप आत शिरला. मामालात 'मावळणे' शिरले, तसाच.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. परक्यांनी दिलेले हे नाव त्या लोकांच्या राजांना शोभू लागले. ६८५ साली नॉर्थंब्रियाच्या राजाला त्यांनी लढाईत ठार केले, आणि त्यानंतर पिक्टांचा राजा ही पदवी वजनदार झाली. ७३१ मध्ये बीड नावाच्या इंग्रज साधूने इतिहास लिहिताना त्यांना थेट सिथियातून आणले. कुळाला दूरचे आणि भारदस्त मूळ लागतेच. मग इसवी सन ९०० च्या सुमारास इतिवृत्तांतून पिक्टांचा राजा अचानक नाहीसा होतो आणि 'अल्बाचा राजा' दिसू लागतो. माणसे कुठे गेली नव्हती. तीच माणसे, तीच जमीन, नाव तेवढे बदलले. पण नाव गेल्यावर लोकांना वाटू लागले की एक अख्खी जात नामशेष झाली. नंतरच्या लोककथांत पिक्ट हे रातोरात बुरूज बांधणारे ठेंगणे लोक झाले, जशी आपल्याकडची सगळी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरलेली असतात. गावांच्या नावांत मात्र ते टिकले: पिटलॉख्री, पिटनवीम यांतला 'पिट' हा त्यांच्या भाषेतला जमिनीच्या तुकड्याचा शब्द.

इथे आपल्या आणि त्यांच्या गोष्टीत फरक पडतो, आणि तो आपल्या बाजूचा आहे. पिक्टांचे सगळे दप्तर परक्यांचे. मावळातल्या माणसांचे स्वतःचे कागद आहेत, आणि त्यांतले बरेच भोर तालुक्यातून आले आहेत. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली टिळकांमार्फत १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरण्यात त्या शकावलीचा मोठा वाटा. त्याच घरातला करीनाही आहे. शिवाय वतनांच्या भांडणांतले महजर, सनदा, अभयपत्रे. राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्यानंतर, विशेषतः १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाल्यावर, अशा दप्तरांच्या शोधाला चालना मिळाली. या कागदांत देशमुख स्वतःची ओळख देतो ती अशी: अमुक, देशमुख, तर्फ अमुक खोरे. खोऱ्याचे नाव, वतनाचे नाव, कुळाचे नाव. 'आम्ही मावळे' ही आपण अपेक्षा करतो ती घोषणा तिथे ऐकू येत नाही. भांडण सरहद्दीचे असते, मानाच्या विड्याचे असते, भावकीचे तर असतेच.

जुन्या मराठीत 'मावळे' हा शब्द वाचताना आणखी एक मेख आहे. 'मावळ' नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन 'मावळे'. 'मावळा' पुल्लिंगी, त्याचेही अनेकवचन 'मावळे'. 'बारा मावळे घेतली' म्हटले की मुलूख घेतला, 'बारा मावळे घेतले' म्हटले की बारा माणसे बरोबर घेतली. सगळा फरक क्रियापदाच्या शेवटी. नपुंसकलिंगावरचा अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर, आणि मोडी वाचताना तोही हाताशी नाही. जुन्या मजकुरात जिथे मुलूख अभिप्रेत आहे तिथे नंतरच्या काही लेखकांनी माणसे वाचली, आणि मग साहजिकच मावळ्यांची एक संघटित फौज फार लवकर उभी राहिलेली दिसू लागली. या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात असे उतारे क्रियापदांसकट तपासले आहेत. कंटाळवाणे काम आहे, पण माझ्या मते पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग तोच.

महाराजांच्या पायदळात मात्र 'मावळे' हा शब्द हळूहळू सैन्याचा एक प्रकार म्हणून पक्का होतो. जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली, तोवर तो अर्थ रुळलेला होता. या पायदळात एकाच जातीची माणसे होती असे मानण्याला आधार नाही. डोंगरात राहणारा, चढणारा, ढाल-तलवार चालवणारा माणूस तो मावळा. पुढे ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला त्यात 'मावुली' आणि 'हेटकरी' अशी दोन नावे जोडीने येतात. मावळे घाटावरचे, हेटकरी घाटाखालचे. 'हेट' म्हणजे खाली. म्हणजे हेटकरी हे नावही वरून पाहणाऱ्याचे. कोकणातल्या माणसाने याची परतफेड 'घाटी' म्हणून केलीच आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना शेजाऱ्याचे नाव ठेवायची ही एकच रीत दिसते: तो कुठे राहतो ते बोटाने दाखवायचे, आणि बोलण्यात किंचित नाक मुरडायचे.

आणि आता ज्याबद्दल वाद होईल तो मुद्दा. आज 'मावळा' म्हणजे महाराजांचा निष्ठावंत. मुलुखाचा अर्थ मागे पडला, निष्ठेचा अर्थ पुढे आला. पण १६५९ साली या खोऱ्यांत काय चालले होते ते पाहावे. अफझलखान येतो आहे. त्या जूनमध्ये विजापूरहून कान्होजी जेध्यांना फर्मान आले की खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी ते फर्मान आणि आपले मुलगे घेऊन राजगडावर आले आणि वतनावर पाणी सोडले. त्याच रोहिडखोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. दोघांची गावे जवळजवळ, नदीचे पाणी एक, खाचरातले भातही एकच. मुलुखाच्या अर्थाने दोघेही मावळे. हिरडस मावळात बांदलांशी सुरुवातीला लढावे लागले होते, आणि १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत जीव द्यायला उभे राहिले ते बांदलांचेच लोक, बाजीप्रभूंबरोबर. खोऱ्यात जन्मलेल्या प्रत्येक माणसाने शपथ घेऊन जन्म घेतला नव्हता. प्रत्येकाने कधी ना कधी ठरवले, आणि ठरवताना वतन, भावकी, जुनी वैरे या सगळ्याचे ओझे त्याच्या डोक्यावर होते. निष्ठा नावातच भरलेली आहे असे मानले तर कान्होजींनी काय सोडले याची किंमतच उरत नाही.

पेशवाईत नावाला ओहोटी लागली. घोडदळ वाढले, पुढे गारदी आणि अरबांच्या पलटणी आल्या. मावळातला माणूस किल्ल्याच्या शिबंदीत राहिला, पण इतिहासाच्या पुढच्या रांगेत नाही. भोर-वेल्ह्याचा बराचसा मुलूख पंत सचिवांच्या ताब्यात होता, त्याचे पुढे भोर संस्थान झाले. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाव पुन्हा उजळले. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पवाडा आला. टिळकांनी शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव उभा केला. हरिभाऊ आपट्यांनी तानाजीवर कादंबरी लिहिली. या तिघांचे मावळे एकसारखे नाहीत. फुल्यांना त्यात कष्टकरी शेतकरी दिसतो, उत्सवाला राष्ट्रासाठी लढणारा शिपाई हवा असतो आणि कादंबरीला पराक्रमाचा प्रसंग. पण तिघांनीही तो मुलुखातून उचलून साऱ्या महाराष्ट्राचा केला.

या नव्या अर्थाची कसोटी मुळशीत लागली. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रहात उतरलेल्या शेतकऱ्यांना सगळे मावळे म्हणत होते, आणि इथे मुलूख व निष्ठा हे दोन्ही अर्थ एकत्र आले. माणसे खरोखर मावळातली होती आणि आपल्या जमिनीसाठी उभी होती. धरण झाले. जमिनी गेल्या. नीरेच्या बाजूला तर हे आधीच सुरू झाले होते. भाटघरला वेळवंडीवर पहिले धरण १८९२ चे, मोठे लॉईड धरण १९२७ च्या सुमाराचे. पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणला गेले आणि तिथे ऊस उभा राहिला. राजगडाच्या संजीवनी माचीवरून दक्षिणेला पाहिले की वेळवंड खोऱ्याच्या जागी लांबच लांब निळे पाणी दिसते. त्याला आता येसाजी कंक जलाशय म्हणतात. येसाजी त्याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. माणसाचे नाव पाण्याला दिले, आणि खोऱ्याचे नाव घेणारे त्या पाण्याने उठवले. यावर उपरोधाने लिहिण्याची गरज नाही, नुसते लिहिले तरी पुरे.

आजच्या वापराबद्दल पुस्तकात एकच प्रकरण आहे आणि ते छोटे आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले आणि स्वतःला मावळ्यांचे वंशज सांगणारे. त्यांना हे नाव वापरण्याचा हक्क अनेकांपेक्षा जास्त आहे. पक्षांचे कार्यकर्ते मावळे, क्रिकेट संघाचे पाठीराखे मावळे, सिनेमाच्या पोस्टरवर पिळदार दंडाचे मावळे. माझे सर्वांत आवडते मावळे दिवाळीत बाजारात येतात. मुलांच्या किल्ल्यांसाठी शाडूची किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसची चित्रे मांडलेली असतात: लाल अंगरखा, पिवळा शेला, डोक्याला तिरकस पगडी, हातात रंगवलेली तलवार, आणि मिशी एकाच फटकाऱ्यात काढलेली, त्यामुळे एखाद्याची डोळ्यापर्यंत गेलेली. शेजारी त्याच साच्यातून निघालेली गवळण आणि भाजीवाली. घोंगडी पांघरलेला, गुडघ्याएवढे धोतर नेसलेला, हातात कोयता असलेला मावळा मला त्या ढिगात कधी मिळाला नाही. रोमनांना निळे रंगवलेले रानटी हवे होते, आपल्याला लाल अंगरख्यातले शूर हवे आहेत. दोन्हीकडे रंग पाहणाऱ्याच्या डब्यातला.

राहिला नावे बदलण्याचा प्रश्न, जो सध्या ताजा आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव देण्याचा निर्णय घेतला. त्यावर बरीच भाषणे झाली, पण त्यात एक गोष्ट कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. भोर संस्थानात बहुतेक तालुक्यांची नावे किल्ल्यांवरून होती: विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड. म्हणजे ही कल्पना नवी नाही, जुनी सरकारी रीत परत आली आहे. आणि त्या जुन्या रीतीचे काय झाले ते इथल्या बोलण्यात दिसते. मुरुंबदेवाच्या डोंगराचे राजगड झाले आणि ते नाव मुळापासून रुजले, जुने नाव आता अभ्यासकांपुरते उरले. तोरण्याचे प्रचंडगड झाले, पण ट्रेकला जाणारा आणि खालच्या गावात चहा विकणारा दोघेही तोरणाच म्हणतात. रोहिड्याचे विचित्रगड फलकावर आहे, तोंडात नाही. राजा नाव देऊ शकतो, ते चालवणे त्याच्या हाती नसते. वेल्ह्याचे काय होईल ते पन्नास वर्षांनी एसटीच्या पाटीवरून आणि बाजारच्या दिवसाच्या बोलण्यावरून कळेल.

लेखनाच्या काही बाबी. या पुस्तकात 'मावळ' हा शब्द मुलुखासाठी, 'मावळा' हा सतराव्या शतकातल्या पायदळाच्या शिपायासाठी वापरला आहे. नंतरच्या, निष्ठेच्या अर्थासाठी जिथे वापर आहे तिथे तो अवतरणात ठेवला आहे. खोऱ्यांची नावे कागदपत्रांत निरनिराळी लिहिलेली सापडतात. कानद आणि कानंद, मुसे आणि मोसे, गुंजन आणि गुंजण. जे रूप आज त्या खोऱ्यात बोलले जाते ते घेतले आहे. तालुक्याचे नाव वेल्हे असेच ठेवले आहे, म्हणजे राजगड म्हटले की वाचकाने किल्लाच समजावा. हेटकऱ्यांवर इथे दोन पानांहून जास्त लिहिता आले नाही. त्यांचा मुलूख वेगळा, कागद वेगळे, आणि त्यासाठी घाट उतरून महाड-पोलादपूरच्या बाजूला बसूनच काम करायला हवे. ते कोकणातल्या एखाद्या अभ्यासकाने हाती घ्यावे. भोरकडून जेवढी टिपणे निघाली तेवढी मी द्यायला तयार आहे.